शेजाऱ्याच्या शेताचा लिलाव

चावडीच्या भिंतीवर लिलावाची जाहीर नोटीस लागली म्हणजे गांवांतील मंडळी ती वाचतात, मान हलवितात व निघून जातात. लिलावाच्या दिवशीं शेतांत काम नसलें तरी पुष्कळजण शेतांत जातात. जे चावडीवर येतात ते बोली बोलण्याकरितां येत नाहींत. कोण बोलतो हें पाहण्याकरितां येतात. आपल्या गांवच्या माणसाचें शेत सरकारनें अगर सोसायटीनें विकावयास काढलें असतां त्यावर बोली बोलणें म्हणजे त्याच्या चुलींत पाणी ओतणें होय, अशी समजूत आमच्या कास्तकार वर्गांत फार जुनी आहे. या समजुतीमागें माणुसकी आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी करून, व त्यांतील पुष्कळ वर्षें वसुलीच्या टेबलावर काढून, आमचें मत असें झालें आहे कीं, या माणुसकीनें ज्याचें रक्षण व्हावयाचें त्याचेंच अधिक नुकसान होतें. हें मत पुष्कळांस रुचणार नाहीं. तरी तें सविस्तर मांडण्याची परवानगी आम्ही वाचकांजवळ मागतों.

शेतजमीन लिलावास येते ती बहुधा तीन दारांनीं. पहिलें दार महसुलाचें. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याखालीं जमीन-महसुलाची थकबाकी तर वसूल होतेच. शिवाय ज्या इतर रकमा महसुली थकबाकीप्रमाणें वसूल कराव्या अशी कायद्याची आज्ञा आहे, त्याहि याच मार्गानें वसूल होतात. आजच्या काळीं निव्वळ शेतसाऱ्यासाठीं शेत विकलें गेल्याचें उदाहरण विरळा; सारा असतो तो किती! विकलें जातें तें दुसऱ्याच कोणत्या तरी येण्यासाठीं, आणि त्यांत जामीन राहिलेल्या गरीब गृहस्थांचीं शेतें फार असतात. दुसरें दार सहकाराचें. सोसायटीनें अगर जिल्हा बँकेनें वसुलीचा दाखला मिळविला कीं, १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखालील १९६१ च्या नियमांतील नियम १०७ प्रमाणें विक्री अधिकारी जप्ती व विक्री करितो. तिसरें दार दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्याचें. बँकांस कोर्टांत न जातां तारण विकण्याचा जो अधिकार २००२ च्या कायद्यानें मिळाला आहे, तो शेतजमिनीस लागू नाहीं. त्या कायद्याच्या कलम ३१ नें शेतजमीन त्यांतून वगळलेली आहे. बिगरशेती झालेला तुकडा, घर, गोदाम यांस मात्र तो लागतो. त्याविषयीं पुढें दोन शब्द सांगूं.

या तिन्ही दारांवर एक गोष्ट समान आहे, आणि नेमकी तीच बहुतेकांस ठाऊक नसते. विक्रीच्या रकमेंतून येणें व खर्च वळता करून जें उरेल तें ज्याची जमीन विकली त्याचें आहे. तें सरकारचें नव्हे, बँकेचें नव्हे, घेणाऱ्याचें तर नव्हेच. तेव्हां नऊ लाखांचें शेत नऊ लाखांस गेलें व येणें चार लाखांचें असलें, तर पांच लाखांच्या आंतबाहेर रक्कम थकबाकीदाराच्या हातीं यावयाची. तेंच शेत सव्वाचार लाखांस गेलें तर त्याच्या हातीं पंचवीस हजारहि धड यावयाचे नाहींत. शेत दोन्ही प्रकारीं गेलेंच. फरक एवढाच कीं, पहिल्या प्रकारांत त्या कुटुंबाजवळ दुसरीकडे दीड-दोन एकर घेण्यापुरतें अगर मुलास कांहीं धंदा काढून देण्यापुरतें भांडवल राहिलें, व दुसऱ्या प्रकारांत राहिलें नाहीं. हा फरक बोली बोलणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. दुसऱ्या कशावरहि नाहीं.

आमच्या नोकरींतील एक प्रकरण सांगतों. गांवाचें व माणसाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. २००९ सालीं डोंगरपट्ट्यांतील एका गांवीं १ हेक्टर ६२ आर इतकें शेत विक्रीस निघालें. खातेदार साठीच्या घरांतले, माळकरी, बोलण्यांत अगदीं मऊ. दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहिल्यामुळें त्यांच्याकडे व्याजासह ३ लाख ८६ हजार रुपये निघाले होते. त्या शिवारांत तशा जमिनीचा चालू भाव पाहतां शेत बारा लाखांचें सहज होतें. सरकारी हातची किंमत नऊ लाख ठरली. दवंडी पिटली, नोटिसा लागल्या, दिवस ठरला. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही चावडीच्या ओट्यावर बसलों. पिंपळाखालीं चाळीस-पन्नास माणसें बसलीं होतीं, त्यांत लागून शेत असलेले तिघे होते, व तिघांचीहि ऐपत होती. एकानेंहि तोंड उघडलें नाहीं. विक्री तहकूब झाली. मंडळी मोठ्या समाधानानें घरीं गेलीं. जणूं शेत वांचलें!

शेत वांचलें नव्हतें. बोली न आल्यास हातची किंमत कमी करून पुन्हा विक्री मांडावयाची, हा कचेरीचा परिपाठ. दुसऱ्या वेळीं ती सहा लाख झाली, तरी गांव मुकाच. तिसऱ्या वेळीं चार लाख. त्या दिवशीं एक पांढरी गाडी आली, तींतून शेजारच्या जिल्ह्यांतील एक सातबाराधारक गृहस्थ उतरले, आणि ४ लाख १० हजारांस शेत घेऊन अर्ध्या तासांत गेले. खर्च वजा जातां खातेदारांच्या वांट्यास वीस-बावीस हजार आले. गांवानें तीन वेळां मौन धरून आपल्या माणसाचे पांच लाखांवर रुपये त्या गाडींत घालून दिले, असें आम्ही म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति आहे काय?

त्या शेताच्या कडेनें वाडीची बैलगाडीची वाट होती. नव्या मालकांनीं वर्षाच्या आंत तारेचें कुंपण घातलें. मग वाडीचे लोक तहसील कचेरींत १९०६ च्या मामलेदार कोर्ट अधिनियमाखालीं दावा घेऊन आले, व तो कागद पुन्हा आमच्याच हातांखालून गेला. दावा करणाऱ्यांत पिंपळाखालीं बसलेले ते तिघेहि होते.

अगदींच कोणी बोली न बोलल्यास काय होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. महसुली विक्रींत गिऱ्हाईक न मिळाल्यास सरकार नाममात्र बोलीनें, म्हणजे एका रुपयानें, जमीन स्वतः घेऊं शकतें. मूळ खातेदारास ती बारा वर्षांचे आंत थकबाकी व दंड भरून परत मागण्याची सोय कायद्यांत आहे. पण हें त्यास सांगतो कोण? बारा वर्षें जातात, बाप मरतो, मुलें मुंबईस असतात, व सातबाऱ्यावर सरकारचें नांव कायम होतें. अशा कितीक आकारी पड जमिनी वर्षानुवर्षें सरकारजमा राहिल्या. २०२५ च्या आरंभीं राज्य मंत्रिमंडळानें, बारा वर्षें उलटून गेलेल्या अशा जमिनीहि बाजारमूल्याच्या शेंकडा ५ इतकी रक्कम भरून घेऊन मूळ खातेदारांस अथवा त्यांच्या वारसांस परत देण्याचा निर्णय केला. तो निर्णय चांगलाच आहे. ज्यांच्या घरीं असा जुना कागद असेल त्यांनीं तहसील कचेरींत जाऊन चौकशी करावी.

इतिहासाकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें बाजाराच्या दिवशीं सावकारांचे कागद जाळण्यांत आले, आणि तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें, हें आपण सर्वांनीं ऐकलें आहे. त्या काळीं सावकार कोर्टांत एकतर्फी हुकुमनामा मिळवी, शेत विक्रीस काढी, व विक्रीच्या वेळीं गिऱ्हाईक बहुधा तोच असे. बोलीस बोली लावणारा नसल्यानें किंमतहि तोच ठरवी. शेत जाई आणि कर्ज फिटत नसे. पुढें १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्यानें, खास गहाण न दिलेली शेतकऱ्याची जमीन पैशाच्या हुकुमनाम्यांत विकतां येऊं नये असा बंदोबस्त केला. १९०८ च्या दिवाणी संहितेंत, हुकुमनामेदारानें कोर्टाच्या परवानगीवांचून स्वतः बोली बोलूं नये, असा निर्बंध आहे, व तो आजहि चालू आहे. शेतकऱ्याचें राहतें घर, अवजारें, कामाचीं जनावरें, बियाणें हीं जप्तींतून सोडलेलीं आहेत, तींहि याच संहितेनें. (स्वखुशीनें गहाण टाकलेल्या घरास मात्र ही ढाल फारशी उपयोगीं पडत नाहीं.) कायद्यानें सावकाराचा हात पुष्कळ आंखडला, परंतु दुसरा बोली बोलणारा आणून उभा करणें कायद्याच्या हातीं नाहीं. तो गांवांतूनच उभा राहावा लागतो.

आतां आमच्यावरील एक गोष्ट. ती येथें लिहावी कीं न लिहावी याचा आम्हीं बराच विचार केला.

वर सांगितलेल्या विक्रीच्या चौतिसाव्या दिवशीं ते माळकरी गृहस्थ कचेरींत आले. सोबत जांवई होते. बैलजोडी विकून, जांवयानें आपल्या ओळखींत उचल करून, कापडी पिशवींत ४ लाख ११ हजार रुपये त्यांनीं आणले होते. घेणाऱ्यानें जेवढे भरले तेवढे भरले म्हणजे शेत परत मिळत असेल, असा त्यांचा अंदाज. अंदाज फारसा चुकला नव्हता. अधिनियमाच्या कलम २०६ प्रमाणें विक्रीपासून तीस दिवसांचे आंत जाहीरनाम्यांतील थकबाकी, विक्रीचा खर्च, व घेणाऱ्यास भरपाई म्हणून खरेदीच्या रकमेच्या शेंकडा ५ एवढी रक्कम भरली असतां विक्री रद्द होते. हिशेब असा: थकबाकी ३,८६,०००, शेंकडा पांचाचे २०,५००, एकूण ४,०६,५००. उरलेल्या साडेचार हजारांत खर्चहि भागला असता. रकमेंत कमी नव्हतेंच. कमी होते ते दिवस, आणि तेहि चार.

विक्रीच्या दिवशीं पंचनाम्यावर त्यांची सही आम्हींच घेतली होती. सही करतांना ते आमच्या तोंडाकडे पाहत होते. "भाऊसाहेब, आतां काय?" एवढेंच त्यांनीं विचारलें. "आतां मंजुरीस जाईल," असें उत्तर आम्हीं दिलें. उत्तर खरें होतें. तीस दिवसांची गोष्ट सांगणें हें आमचें काम नव्हे, असें त्या वेळीं वाटलें. अथवा घरीं जाण्याची गाडी चुकेल असें वाटलें असेल. चौतिसाव्या दिवशीं साहेबांनीं त्यांस कलम वाचून दाखविलें. त्यांनीं आम्हांस एका शब्दानें दोष दिला नाहीं. पिशवीचें तोंड पुन्हा सुतळीनें बांधलें व गेले.

म्हणून आमचें सांगणें असें. शेजाऱ्याविषयीं ज्यास खरोखर कळवळा आहे, त्यानें लिलावाच्या दिवशीं शेतांत लपून बसूं नये. विक्रीपूर्वीं जाऊन त्यास विचारावें कीं, येणें किती, भरलें किती, हप्ते पाडून मागितले काय. विक्री झाल्यावर दुसऱ्याच दिवशीं त्याच्या ओट्यावर जाऊन तीस दिवस मोजून द्यावे. सहकारी विक्रींतहि मुदत तीसच दिवसांची व भरपाई शेंकडा ५ चीच आहे. दिवाणी कोर्टाच्या विक्रींत ती मुदत साठ दिवसांची आहे. पैसे उसने द्यावयाचे तर याच दिवसांत द्यावे, व कागद करून द्यावे. पांचजणांनीं थोडथोडे घातले तर ही रक्कम उभी राहणें अशक्य नाहीं, आणि एवढें केल्यावर बोली न बोलणें कोणासहि शोभतें.

परंतु एक मार्ग आम्ही सांगणार नाहीं. "मी माझ्या नांवावर घेतों, तुझे पैसे आले कीं तुला परत करीन," असा तोंडी करार गांवोगांव होतो. करणारा प्रामाणिक असतो. त्याची मुलें तशींच असतील याची हमी कोण देणार? शिवाय दुसऱ्यासाठीं आपल्या नांवावर मालमत्ता घेण्याचे व्यवहार १९८८ च्या बेनामी व्यवहारांच्या कायद्याच्या कचाट्यांत सापडूं शकतात. आणि शेतकरी नसलेल्या पैसेवाल्यास आपला सातबारा उसना देऊन बोली बोलणारे जे आहेत, त्यांच्याविषयीं काय लिहावें! कुळकायद्याच्या कलम ६३ नें बिगर-शेतकऱ्यास शेतजमीन घेण्याची मनाई आहे, व ही मनाई कोर्टाच्या आणि महसुली विक्रीसहि स्पष्ट शब्दांनीं लागू केली आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हाच.

ज्यास आपल्यासाठीं घ्यावयाचें आहे त्यानें उघडपणें घ्यावें, पुरती किंमत देऊन घ्यावें. पण घेण्यापूर्वीं डोळे उघडे ठेवावे. लिलावाचें शेत स्वस्त दिसतें त्यांत स्वस्ताईपेक्षां अनिश्चिततेची वजावट अधिक असते. विकणारा अधिकारी मालकीची हमी देत नाहीं. जी रक्कम प्रत्यक्ष त्या जमिनीच्या साऱ्याची नव्हे, तिच्यासाठीं विक्री होते तेव्हां थकबाकीदाराचा जो काय हक्क व हितसंबंध असेल तेवढाच विकला जातो. त्याचा हक्क सहाआणे असेल तर घेणाऱ्यास सहाआणेच मिळावयाचा, मग बोली रुपयाची कां असेना.

सातबारा हातीं घेतला म्हणजे मालकाच्या नांवावरून डोळा आधीं 'भोगवटादार वर्ग' या शब्दांवर न्यावा. वर्ग २ ची जमीन, वतनाची, कुळकायद्यानें मिळालेली, पुनर्वसनाची, अशी असेल तर परवानगीवांचून हस्तांतर होत नाहीं. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर कलम ३६-अ पाहावें. कोर्टाच्या हुकुमानें झालेली विक्रीहि त्या मनाईंतून सुटत नाहीं. नंतर 'इतर हक्क' या रकान्यांतील प्रत्येक ओळ वाचावी, व तिचा फेरफार काढून पाहावा. बहिणींचीं नांवें कोठें आहेत, कोठें कमी झालीं, कशानें कमी झालीं, हें फेरफारावांचून कळत नाहीं. अविभक्त हिस्सा विक्रीस असेल तर आपण शेत घेत नसून वाटपाचा दावा घेत आहों, हें समजून बोली बोलावी. पोटखराबा किती, हें तर पुष्कळजण पाहतच नाहींत. आमच्या समोर एका हौशी गृहस्थानें २ हेक्टर १० आरांचें क्षेत्र पाहून बोली चढविली. त्यांतील ८० आर खडक होता, आणि तो सातबाऱ्यावर स्वच्छ लिहिलेला होता.

कागद पाहून झाल्यावर शेतावर जावें, आणि दोनदां जावें: एकदां उन्हाळ्यांत, एकदां पाऊस पडतांना. नोटिशीची मुदत तीस दिवसांची, तींत दोन ऋतु बसत नाहींत, हें खरें. पण आपल्याच शिवारांतील शेत असेल तर हें ज्ञान आपणांस अगोदरच असतें, आणि परगांवच्या गिऱ्हाइकावर गांवच्या माणसाची सरशी आहे ती येथेंच. विहिरींत हिस्सा किती, पाण्याची पाळी कोणत्या दिवशीं, वाट कोणाच्या बांधावरून, ती नकाशावर आहे कीं केवळ वहिवाटीची, बांध सरकलेला आहे काय, हें सर्व शेजाऱ्यांस ठाऊक असतें. मोजणीचा अर्ज विक्री कायम झाल्यावर लागलीच द्यावा.

पैशाची तयारी बोलीच्या अगोदर झाली पाहिजे. महसुली व दिवाणी विक्रींत बोली संपतांच रकमेची चौथाई जागच्या जागीं भरावी लागते. सहकारी विक्रींत शेंकडा १५. कोर्टांत व सहकारांत बाकीची रक्कम पंधरा दिवसांचे आंत. ही मुदत लांबविण्यासाठीं कोणाच्या ओळखीचा उपयोग होत नाहीं, व होऊंहि नये. दोन चुलतभावांनीं चाळीस आरांच्या पट्टीसाठीं ईर्षेनें एकमेकांवर बोली चढविल्याचें आम्हीं पाहिलें आहे. बाहेरचा एक जण मध्यें मध्यें हजार-दोन हजार वाढवून दोघांस खेळवीत होता. शेवटीं थोरल्याच्या नांवें पट्टी सुटली, ती चालू भावाच्या दुपटीनें. चौथाई भरली, तीन हिस्से जमले नाहींत. अनामत बुडाली, फेरविक्री झाली, आणि फेरविक्रींत जी तूट आली ती कायद्याप्रमाणें त्याच्याकडूनच वसूल करण्याची नोटीस निघाली. म्हणजे दुसऱ्याची थकबाकी फिटतां फिटतां तो स्वतः थकबाकीदार झाला. बोलीस जातांना आपली शेवटची रक्कम घरच्या माणसाजवळ कागदावर लिहून ठेवावी व त्या माणसास सोबत न्यावें, असा आमचा उपाय आहे. तो हास्यास्पद वाटेल, पण लागू पडतो.

घरांविषयीं थोडक्यांत. अलीकडे ऊस अगर द्राक्षाचे पैसे आले कीं मुलाच्या शिक्षणाच्या निमित्तानें तालुक्यास अगर शहरांत बँकेनें लिलावास काढलेलें घर घेण्याकडे कल वाढला आहे. हे लिलाव आतां बहुधा संगणकावर होतात. त्यामुळें समोर कोण बोलतो आहे हें दिसतहि नाहीं. जाहिरातींत 'जेथें आहे, जसें आहे' असे शब्द असतात, ते शोभेकरितां नसतात. घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचें बिल, गृहनिर्माण संस्थेची बाकी यांची चौकशी घेणाऱ्यानें करावयाची. त्याहून महत्त्वाचें म्हणजे ताबा. 'सांकेतिक ताबा' म्हणजे दारावर कागद लागला आहे, आंत माणसें राहत आहेत. प्रत्यक्ष ताब्यासाठीं बँक त्या कायद्याच्या कलम १४ खालीं जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करिते, आणि ते हुकूम घेऊन तहसीलचीं माणसें दारांत जातात. आम्हीहि गेलों आहों. आंत शिजत असलेल्या भाताखालचा गॅस बंद करावयास सांगणें हें कोणत्याहि कारकुनास आवडण्यासारखें काम नाहीं. ज्या घरावर केवळ सांकेतिक ताबा आहे तें घर घेणाऱ्यानें वर्ष-दोन वर्षें पैसे अडकतील असें धरून चालावें. येथें कर्जदारास वर सांगितलेली तीस दिवसांची सवलतहि नाहीं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याचा घर सोडवून घेण्याचा हक्क विक्रीची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. आपल्यापैकीं ज्यांच्या मुलांनीं शहरांत कर्जानें घरें घेतलीं आहेत, त्यांनीं हें वाक्य मुलांस वाचून दाखवावें.

राहतां राहिली आपल्या मंडळीची गोष्ट. लिलावाच्या नोटिसा कायद्यानें लागावयाच्या त्या लागतात: कचेरींत, चावडीवर, थकबाकीदाराच्या दारावर. तलाठ्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नांव बदललें, भिंत तीच आहे, व तिच्यावरील कागद पावसानें भिजून खालीं पडतो तोहि तसाच. आमची सूचना अशी कीं, तालुक्यांत निघणाऱ्या शेतजमिनीच्या प्रत्येक विक्रीची नोंद मंडळीच्या कचेरींत एका वहींत ठेवावी: गट नंबर, क्षेत्र, येणें, हातची किंमत, विक्रीचा दिवस, आणि शेवटच्या रकान्यांत विक्री रद्द करून घेण्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस. थकबाकीदाराचें नांव वहींत घालूं नये. बोली बोलणाऱ्यास पहिले पांच रकाने उपयोगीं पडतील, व ज्याचें शेत आहे त्यास सहावा. दर सोमवारीं तहसील कचेरी, सहकार खात्याची कचेरी व कोर्ट या तिन्ही ठिकाणीं जाऊन नोटिसा उतरून आणण्याचें काम आम्ही स्वतः करावयास तयार आहों. निवृत्तीनंतर सोमवार मोकळाच असतो. मंडळीनें वही तेवढी द्यावी, आणि सहाव्या रकान्यांतील तारीख ज्या गांवची असेल त्या गांवच्या सभासदानें ती त्या घरीं तोंडी पोंचती करण्याचें पत्करावें.